भात गॅसवर नाही, ओट्यावर बिघडतो

‘रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकला तर त्यात एवढं काय? आमच्याकडे आजीपासून चालत आलंय. कुणाला काही झालं नाही.’

हे वाक्य इतक्या घरांत आणि इतक्या ठामपणे ऐकू येतं की त्याला कुणी उत्तरच देत नाही. उत्तर दिलं तर आपण आजीच्या विरोधात गेलो, फोडणीच्या भाताच्या विरोधात गेलो, शेवटी अन्नाचा मान राखण्याच्याच विरोधात गेलो असं ठरतं. म्हणून माणसं गप्प बसतात. मला गप्प बसायचं नाही. फोडणीचा भात मला मनापासून आवडतो. मोहरी, हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे आणि वरून लिंबू पिळलेला तो पिवळाधमक भात न आवडणारा माणूस विरळा. माझं भांडण त्या भाताशी नाही. तो आदल्या रात्री जिथे आणि जसा ठेवला जातो, त्याच्याशी आहे.

आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडते. भात कुकरमध्ये शिजला, तीन शिट्ट्या झाल्या, म्हणजे त्यात जिवंत काही उरलं नाही. उरलेला भात झाकून ओट्यावर ठेवला, म्हणजे काळजी घेतली. सकाळी झाकण काढून वास घ्यायचा. आंबूस वास नाही, तार सुटलेली नाही, म्हणजे भात चांगला. त्यातूनही शंका असलीच तर कडकडीत तेलाची फोडणी बसते, वर झाकण ठेवून वाफ आणली जाते, त्यात काय ते मरतं. याउपर कुणी फ्रिजचं नाव काढलं तर ते शहरी लाड.

यातलं पहिलंच विधान टिकत नाही. बॅसिलस सिरियस नावाचा जंतू मातीत राहतो. शेतातून तो साळीवर येतो आणि साळीतून तांदळावर. तांदूळ चार पाण्यांनी धुतला तरी तो पुरता निघून जात नाही. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जंतू स्वतःभोवती टणक कवच चढवून बीजाणूच्या रूपात पडून राहतो, आणि हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. कुकरमध्ये त्यातले बरेच मरत असतील; सगळे मरतात असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. उलट शिजण्याच्या उष्णतेने त्यांना जाग येते. बाकीचे जंतू त्याच उष्णतेने मेलेले असतात, त्यामुळे जागे झालेल्यांना रान मोकळं मिळतं. समोर ओलावा, पिष्ट आणि ऊब तिन्ही तयार. मग ‘शिजला म्हणजे निर्धोक झाला’ हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

आता ‘झाकून ठेवला’ हे घ्या. रात्री साडेनऊला जेवणं आटोपतात. कुकरच्या भांड्यात दोन-तीन वाट्या भात उरलेला असतो, तो पळीने दाबून एकसारखा केला जातो, वर घट्ट झाकण बसतं आणि भांडं ओट्याच्या कोपऱ्यात सरकतं. थोड्या वेळाने ते झाकण उचलून पाहा. आतून त्याला घाम सुटलेला असतो, थेंब भातावर टपटप पडतात, वरचा थर ओलसर आणि चिकट होतो. वरून हात लावला तर भात गार लागतो, म्हणून तो गार झाला असं आपण धरून चालतो. उलथनं मधोमध खुपसून आतला भात वर काढा आणि हाताच्या पाठीजवळ धरा. तासाभरानंतरही त्यात ऊब असते. गच्च दाबलेला भात स्वतःचीच ऊब धरून ठेवतो, आणि घट्ट झाकण त्याला आणखी मदत करतं. त्या झाकणामुळे झुरळ, पाल, माशी बाहेर राहते हे खरं आहे. जंतू बाहेरून यायचा नसतो, तो भातातच असतो, त्यामुळे त्याच्यापुढे झाकणाचा काहीच उपयोग नाही.

अन्नसुरक्षेच्या नियमांत ५ ते ६० अंश सेल्सियस हा धोक्याचा टप्पा मानतात. भातातल्या या जंतूची वाढ ३० ते ३७ अंशांच्या दरम्यान सर्वांत जोमाने होते. मे महिन्यात जळगावात किंवा नागपुरात मध्यरात्री स्वयंपाकघराचा पारा किती असतो? खिडक्या बंद, दिवसभर तापलेली भिंत, आणि फ्रिजच्या मागून येणारी गरम हवा. प्रयोगशाळेत हा जंतू वाढवण्यासाठी जे तापमान मुद्दाम राखावं लागतं, ते आपण त्याला फुकट देतो. अनुकूल तापमानात तो अर्ध्या तासात दुप्पट होतो असं धरू. एका ग्रॅममध्ये सुरुवातीला शंभर असले तर पाच तासांत दहा वेळा दुप्पट होऊन ते एक लाखाच्या पुढे जातात. माणूस आजारी पडायला ग्रॅममागे साधारण एवढेच पुरतात. रात्रीच्या बारापासून मोजलं तर पहाटेचे पाच वाजतात, आणि तेव्हा घरात अजून कुणी उठलेलंही नसतं.

या सगळ्यावर ‘गरम केलं की मरतं’ हे उत्तर तयार असतं. माझा सर्वांत मोठा आक्षेप याच वाक्यावर आहे, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं. गरम केल्यावर वाढलेले जंतू मरतात. पण वाढता वाढता त्यांनी भातात सोडलेलं विष तसंच राहतं. सेरुलाइड हे त्याचं नाव. १२१ अंशांना दीड तास तापवलं तरी ते टिकतं. पोटातल्या आम्लाने ते नष्ट होत नाही, पाचक रसांनीही होत नाही. आणि फोडणीचं तेल कितीही कडकडीत असलं तरी ती उष्णता भाताला मिळत नाही. ओला भात १०० अंशांच्या आसपासच राहतो. घरातल्या कुठल्याही गॅसवर, कुठल्याही कढईत, कितीही वेळ परतलं तरी हे विष निघत नाही. हिंग घातल्याने नाही, हळद घातल्याने नाही, लिंबू पिळल्याने तर नाहीच. दही कालवून दहीभात केला तरी रात्री तयार झालेलं विष तिथेच असतं.

वासाचंही तेच. सेरुलाइडला ना वास, ना चव, ना रंग. आंबूस वास येतो, भात बुळबुळीत होतो, तार सुटते, तेव्हा तो खाऊ नये हे लहान मूलही सांगेल. प्रश्न त्याच्या कितीतरी आधीच्या भाताचा आहे, जो दिसायला पांढराशुभ्र, हाताला मोकळा आणि नाकाला निर्मळ असतो. नाकाने पारख करण्याची आपली सवय दुधाला चालते, भाजीला चालते; इथे ती चालत नाही.

हे सगळं कागदावरचं आहे असं वाटत असेल तर ब्रिटनमध्ये काय झालं ते पाहा. १९७१पासून पुढे तिथे फ्राइड राइस खाऊन उलट्या होण्याच्या घटना लागोपाठ समोर येऊ लागल्या. बहुतेक ठिकाणी कारण एकच निघालं. चिनी खानावळींत संध्याकाळी मोठ्या प्रमाणावर भात शिजवून ठेवत, तो रात्रभर बाहेरच राही, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं की भगभगीत आचेवर झटपट परतून वाढत. भात फ्रिजमध्ये ठेवायला आचारी नाखूश असत, कारण थंड भाताचे गोळे होतात आणि परतताना दाणा मोकळा राहत नाही. १९७४ साली संशोधक गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिजवलेला भात एकतर ६३ अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. त्या खानावळीची कढई आणि आपली कढई यांत फरक काय आहे? रात्रभर बाहेर ठेवलेला भात, सकाळी तेल, मोठी आच. फरक असलाच तर तो लंडनच्या गारव्याचा आहे, आणि तो आपल्या बाजूने नाही.

आता येऊ ‘कुणाला काही झालं नाही’कडे. हे कुणी, कधी आणि कसं तपासलं? या विषाने होणारा त्रास खाल्ल्यापासून अर्ध्या तासात ते पाच-सहा तासांत सुरू होतो. मळमळ, उलट्या, पोटात कळा. बहुधा एका दिवसात माणूस उठून बसतो. याच जंतूचा दुसरा प्रकार जुलाबांचा. तो सहा ते पंधरा तासांनी उमटतो आणि तोही बहुधा दिवसभरात ओसरतो. अशा वेळी घरात काय म्हणतात? ‘पित्त झालं.’ ‘ऊन लागलं.’ ‘काल लग्नात खाल्लेलं बाधलं.’ ‘पाणी बदललं.’ लिंबू-सरबत दिलं जातं, ओव्याचा अर्क दिला जातो, दुपारी मऊ भात खाऊन माणूस झोपतो. डॉक्टरकडे कुणी जात नाही. गेलं तरी उलटीचा किंवा भाताचा नमुना कुणी तपासायला पाठवत नाही. सकाळच्या न्याहारीचा आणि दुपारच्या उलटीचा संबंध कुणी जोडतच नाही. जो आजार मोजला जात नाही, ज्याला दर वेळी वेगळं नाव मिळतं, तो झालाच नाही असं छातीवर हात ठेवून सांगण्यात काय अर्थ आहे?

आणि आजीच्या काळाबद्दल बोलायचंच तर पुरतं बोलू. १९५१च्या सुमाराला या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांमागे दीडशेच्या आसपास पहिल्या वाढदिवसाच्या आतच जात होती. पुढच्या वर्षांत जुलाब-वांत्यांनी गेलेल्या मुलांची आठवण अजून कित्येक घरांत आहे. ती सगळी शिळ्या भाताने गेली असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण ‘आमच्याकडे कुणाला काही झालं नाही’ हे सांगायला फक्त वाचलेले लोकच उरतात, एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं. शिवाय आजीचा भात दहा-बारा माणसांच्या पंगतीत संपत असे. उरलाच तर दारात गाय होती, कुत्रं होतं. आज चौघांच्या घरात दोघं बाहेर खाऊन येतात, भात तसाच उरतो आणि हवाबंद झाकणाखाली रात्र काढतो. आजीचं नाव घेऊन आपण जे करतो, ते आजी करत होती का?

मरणाची गोष्ट दुर्मीळ आहे, पण घडलेली आहे. २००३ साली बेल्जियममध्ये एका कुटुंबातली पाच मुलं पास्त्याचं सॅलड खाऊन आजारी पडली आणि सात वर्षांची मुलगी गेली. तो पास्ता फ्रिजमध्येच होता, पण त्या फ्रिजचं तापमान १४ अंश निघालं. २००८ साली ब्रुसेल्समध्ये वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेली स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली. दुसऱ्या सकाळी तो बिछान्यात मृत सापडला. दोन्ही ठिकाणी पदार्थ भात नव्हता. जंतू मात्र हाच होता, आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत गरम करण्यावरचा विश्वासही हाच. अशा घटना क्वचित घडतात म्हणून त्या बाजूला ठेवल्या, तरी लहान मूल, गरोदर बाई, मधुमेही आजोबा किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण यांच्यासाठी दिवसभराच्या उलट्याही साध्या नसतात. त्यांच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. या घरांत ‘एवढं काय होतं’ हा प्रश्न कुणी विचारू नये.

परंपरेची बाजू घेणाऱ्यांना मला आणखी एक विचारायचं आहे. ही परंपरा कुणाच्या पानात वाढली जाते? रविवारी सकाळी सगळ्यांसाठी हौसेने केलेला फोडणीचा भात वेगळा. बाकीच्या दिवशी घराघरांतलं चित्र असं असतं: नवऱ्याला गरम पोळी, मुलांना ताजा वरण-भात, आणि कालचा भात ‘मी खाते, टाकायचा कशाला’ म्हणत बाई स्वतःच्या ताटात ओढते. तोही सकाळी नाही. दुपारी दीडला सगळ्यांचं उरकल्यावर, गरमही न करता, ताकाबरोबर. तोपर्यंत त्या भाताला सोळा तास झालेले असतात. तिच्या पोटात दुखलं तर ती दोन घटका पडते आणि चारच्या चहाला उठते. घरातल्या कुणाला कळतही नाही. ‘कुणाला काही झालं नाही’ या वाक्यातल्या ‘कुणाला’त ती मोजली आहे का? काटकसर सगळ्या घराची आणि जोखीम एकटीची, ही वाटणी कुठल्या संस्काराने ठरवली?

याहून वाईट म्हणजे तो भात कामवाल्या मावशींच्या डब्यात जातो. आपल्या मुलाला द्यायला मन कचरतं, म्हणून तो देणगी होतो. ‘चांगला आहे हो, रात्रीचाच आहे’ असं सांगून दिला जातो. त्या तो उन्हातून घरी नेतात, संध्याकाळी नातवंडांना घालतात. त्यांची दिवसाची मजुरी बुडाली तर भरून कोण देणार? जे अन्न आपल्या पोराला द्यायला आपण धजत नाही ते दुसऱ्याच्या पोराला देणं हे दान नाही, आणि त्याला अन्नाचा मान म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

मुलांचे डबे यातून सुटतात असंही नाही. रात्री नऊला शिजलेला भात सकाळी सहाला परतून, वाफा निघत असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरला जातो आणि शाळेच्या मधल्या सुटीत, दहा-अकराला उघडला जातो. रात्रीचे नऊ तास आणि वर डब्यातल्या उबेचे चार-पाच. कॅसरोलवरचा विश्वासही असाच फसवा आहे. पहिला तास-दोन तास त्यातला भात चांगला गरम राहतो, नंतर हळूहळू कोमट होतो आणि बराच वेळ कोमटच राहतो. गरम ठेवण्यासाठी घेतलेलं ते भांडं मग जंतूंना हवी तीच ऊब जपत बसतं. डब्याला भात द्यायचाच असेल तर सकाळी ताजा लावा. एका वाटीला वीस मिनिटं लागतात.

चर्चा इथवर आली की कुणीतरी पखाळाचं उदाहरण काढतं. ओडिशात पखाळ खातात, बंगालात पान्ता भात, आसामात पोइता भात, तमिळनाडूत पळैय सादम. कोट्यवधी लोक रात्रभर बाहेर ठेवलेला भात खातात, मग आपल्याच भाताला काय झालं? उदाहरण चांगलं आहे, पण ते या वादाला लागू पडत नाही. पखाळात गार केलेला भात पाण्यात बुडवून ठेवतात. त्या पाण्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात, भात आंबतो आणि त्या आंबटपणात आपल्या जंतूची वाढ खुंटते. ज्यांच्याकडे हे रोजचं आहे त्यांना पाणी किती, भांडं कोणतं, आंबट केव्हा झालं हे हाताला ठाऊक असतं. आपल्याकडे आंबील करणाऱ्या घरांनाही हे ठाऊक आहे. कुकरच्या भांड्यात झाकून ठेवलेला कोरडा भात आंबवलेला नसतो. सकाळी तो आंबट लागला तर आपण स्वतःच तो टाकून देतो! म्हणजे पखाळ ज्या गुणामुळे टिकतो, तो गुण आपल्या भातात दिसला की आपण त्याला नासका म्हणतो, आणि तरी साक्षीला पखाळ काढतो.

आता फ्रिजबद्दलचे गैरसमज. ‘गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवली की फ्रिज बिघडतो’ हे वाक्य फ्रिज घरात आला त्या दिवसापासून चालत आलं आहे आणि याच वाक्याने सर्वांत जास्त भात रात्रभर ओट्यावर ठेवला आहे. भात ‘पूर्ण गार होऊ दे’ म्हणून बाहेर राहतो, मग सिरियल संपते, दिवे मालवले जातात, आणि तो सकाळपर्यंत तिथेच असतो. वाफाळतं मोठं पातेलं आत ठेवलं तर शेजारचं दूध-दही कोमट होतं, हे खरं. पण पसरून वाफ घालवलेला वाडगाभर किंचित कोमट भात आत गेल्याने फ्रिजला काहीही होत नाही.

करायचं ते अवघड नाही. जेवणं संपली की मागचं आवरण्याआधी भाताचं भांडं उघडायचं. भात परातीत किंवा मोठ्या ताटात एक-दोन बोटं जाडीचा पसरायचा, स्वच्छ उलथन्याने. ज्या हाताने जेवलो त्या हाताने नाही, कारण हातावरचे जंतूही भातात विष करतात आणि तेही गरम केल्याने जात नाही. वर जाळीचं झाकण, पंखा चालू. भांडी घासायला टाकून ओटा पुसेपर्यंत, वीसेक मिनिटांत, त्याची वाफ गेलेली असते. आणखी लवकर गार करायचा असेल तर भाताचं ताट गार पाणी घातलेल्या परातीत ठेवावं; उन्हाळ्यात नळाला गरम पाणी येत असेल तर माठातलं पाणी घ्यावं. मग उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. शिजल्यापासून एका तासाच्या आत हे व्हावं असं ब्रिटनची अन्नसुरक्षा यंत्रणा सांगते. जागतिक आरोग्य संघटना दोन तासांची मुभा देते आणि अमेरिकी कृषी खातंही दोनच तास देतं, पण ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने एका तासाचाच नियम लागू होतो.

फ्रिजमध्ये ठेवलेला भात किती दिवस खावा यावर मतभेद आहेत. अमेरिकेत तीन-चार दिवस चालतो म्हणतात, ब्रिटनमध्ये एकच. आपले फ्रिज कोंबून भरलेले, दार दर पाच मिनिटांनी उघडणारं, वर भारनियमन. आतलं तापमान ५ अंशांच्या खाली आहे की नाही हे बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. त्या बेल्जियमच्या घरातही पास्ता फ्रिजमध्येच होता. म्हणून माझं मत ब्रिटनच्या बाजूने आहे: दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत संपवा, किंवा पहिल्याच रात्री छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. आणि गरम करताना लागेल तेवढाच काढा. पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, मधल्या दाण्यापर्यंत वाफ पोचेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच एकदा हलवा, नाहीतर कडेचा भात पोळतो आणि मधला गारच राहतो. एकदा गरम केलेला उरला तर परत आत ठेवायचा नाही.

फ्रिज नसलेल्यांनी काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या निम्म्याहून जास्त घरांत फ्रिज नाही. पण हा प्रश्न बहुधा फ्रिजवाल्या घरातूनच, स्वतःची सवय झाकायला विचारला जातो, याची मला चीड येते. ज्या घरात फ्रिज नाही तिथली बाई तांदूळ मोजून लावते आणि रात्रीचा भात रात्रीच संपवायला बघते. तिला शिकवण्याची कुणाला गरज नाही. मोजून लावण्याचं तेवढं शहाणपण फ्रिजवाल्यांनी तिच्याकडून घ्यावं.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत, आणि त्यांनी या विषयाचं कमी नुकसान केलेलं नाही. ‘भात पुन्हा गरम केला की त्याचं विष होतं’ असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. हे साफ खोटं आहे. गरम केल्याने विष तयार होत नाही. वेळेत गार करून फ्रिजमध्ये ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी खुशाल गरम करावा, फोडणीला टाकावा, लहान मुलांनाही द्यावा. या निरोपांना घाबरून वाडगे भरभरून चांगला भात कचऱ्यात जातो, आणि त्यांना हसणारे लोक बाहेर ठेवलेला भात निर्धास्त खातात. भांडणारे दोघंही गॅसकडे बघत असतात. हल्ली तिसरा एक वर्ग निघाला आहे: भात थंड केला की त्यातलं काही पिष्ट पचायला जड होतं, साखर जरा कमी चढते, असं वाचून मधुमेही माणसं मुद्दाम शिळा भात खाऊ लागली आहेत. थंड होताना पिष्ट बदलतं हे खरं, फायदा बेताचा. पण ते थंड करणं फ्रिजमध्येच व्हायला हवं. त्यासाठी भात रात्रभर ओट्यावर ठेवणं हे औषधाच्या नावाखाली दुखणं ओढवून घेणं आहे.

भात पुन्हा गरम करावा की नाही, हा वादच मुळात चुकीच्या जागी चालला आहे. गॅस बंद केल्यापासूनच्या पहिल्या तासात तुम्ही काय केलंत, त्यावर सकाळचा भात खाण्यालायक आहे की नाही हे ठरतं. तो तास गेला आणि भात रात्रभर तसाच राहिला, तर त्यानंतरची आच, फोडणी, वाफ आणि श्रद्धा यांपैकी काहीही त्याला दुरुस्त करू शकत नाही. हे मत नाही. जंतूला आजी कोण हे ठाऊक नसतं.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की आधी भात पसरा. हे काम एकट्या बाईवर टाकू नका. जो शेवटी जेवून उठेल त्याने परात पुढे ओढावी. आणि जो भात रात्रभर बाहेर राहिलेला असेल तो, जीव कितीही हळहळला तरी, टाकून द्या. तो स्वतः खाऊ नका, आईला खाऊ देऊ नका, आणि मावशींच्या डब्यात तर मुळीच घालू नका.